एका औषधाला तास पुरतो, दुसऱ्याला महिना लागतो

नैराश्यावरील औषधे आणि अवधानाच्या विकारावर (लक्ष न टिकणे, चंचलता; एडीएचडी) दिली जाणारी उत्तेजक औषधे यांचा विषय निघाला की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: या दोहोंत अधिक गुणकारी कोणते आणि कमी त्रासाचे कोणते? प्रश्न रास्त आहे, परंतु त्याच्या मुळाशी बहुधा असा समज असतो की दोन्ही गोळ्या मेंदूतले एखादे रसायन ‘वाढवतात’, एक सिरोटोनिन आणि दुसरी डोपामिन, आणि जितकी वाढ तितका गुण. हा समज निम्मा खरा आहे, आणि निम्मा खरा असल्यामुळेच तो निखळ चुकीच्या समजापेक्षा अधिक गोंधळ घालतो. नैराश्यावरची गोळी घेतल्यावर काही तासांतच सिरोटोनिन परत उचलणारी यंत्रणा अडवली जाते, तरीही मन हलके व्हायला दोन ते सहा आठवडे जातात. उलट, मेथिलफेनिडेट हे उत्तेजक औषध घेतलेल्या मुलाचे लक्ष तासाभरात वहीवर टिकू लागते आणि गोळीचा अंमल उतरला की पुन्हा भटकू लागते. दोन्ही औषधे एकाच कुळातल्या प्रथिनांवर काम करतात. मग एकाला तास का पुरतो आणि दुसऱ्याला महिना का लागतो? या काळाच्या फरकाचा उलगडा झाल्याशिवाय या औषधांचे दुष्परिणामही नीट समजत नाहीत आणि त्यांच्या परिणामकारकतेचे आकडेही नीट वाचता येत नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

दोन्ही औषधकुळांचा शोध योगायोगाने लागला. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील रुग्णालयात इप्रोनियाझिड हे औषध क्षयरोगावर तपासले जात असताना खंगलेले रुग्ण अनपेक्षितपणे उत्साही झाले, त्यांची भूक वाढली, आणि त्यातून नैराश्यावरच्या पहिल्या औषधाची चाहूल लागली. स्वित्झर्लंडमध्ये रोलँड कून यांनी १९५७ मध्ये इमिप्रामिनविषयीची निरीक्षणे प्रसिद्ध केली. तेही मुळात स्किझोफ्रेनियासाठी तपासले जात होते. उत्तेजक औषधे त्याहून जुनी आहेत. अ‍ॅम्फेटामिन १८८७ मध्येच प्रयोगशाळेत तयार झाले होते, पण १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी वर्तनाच्या अडचणी असलेल्या ३० मुलांना ते आठवडाभर दिले, तेव्हा जवळजवळ निम्म्या मुलांचा शालेय अभ्यास झपाट्याने सुधारला आणि औषध बंद करताच ती सुधारणाही ओसरली. आठवड्याच्या आत फरक दिसतो आणि आठवड्याच्या आत जातो, हे त्या पहिल्याच नोंदीत स्पष्ट आहे. मेथिलफेनिडेट १९४४ मध्ये लिआंद्रो पानित्सोन यांनी तयार केले आणि पत्नीच्या ‘रिटा’ या नावावरून त्याला ‘रिटालिन’ हे व्यापारी नाव मिळाले.

आता मूळ यंत्रणेकडे येऊ, आणि तिथे थोडे रेंगाळू. दोन चेतापेशी जिथे एकमेकींशी संवाद साधतात तिथे त्यांच्यात सुमारे २० नॅनोमीटरची फट असते. तिला चेतासंधी म्हणतात. एक पेशी त्या फटीत सिरोटोनिन सोडते, ते पलीकडच्या पेशीवरील ग्राहींना, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना, चिकटते, आणि काम झाले की पाठवणाऱ्या पेशीच्याच पटलावरील वाहक प्रथिन ते परत आत ओढून घेते. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम ही औषधे नेमक्या याच वाहक प्रथिनात अडकून बसतात. म्हणूनच त्यांना निवडक सिरोटोनिन पुनर्ग्रहण-रोधक असे लांबलचक नाव आहे. मेंदूच्या पेट-स्कॅनमध्ये असे दिसते की नेहमीच्या मात्रेत सुमारे ८० टक्के वाहक प्रथिने व्यापली जातात. बाहेर टाकलेले सिरोटोनिन परत उचलले जात नसेल तर ते फटीत साचले पाहिजे, आणि गुणही लगेच यायला हवा. तो येत नाही.

याचे कारण मेंदूच्या देठात आहे. तिथल्या राफे नावाच्या पेशीपुंजांमध्ये सिरोटोनिन बनवणाऱ्या चेतापेशींची मुख्य वस्ती आहे. मेंदूतल्या सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी या जेमतेम काही लाख. परंतु त्यांचे तंतू मेंदूच्या जवळजवळ प्रत्येक भागात पोहोचतात. या पेशींच्या स्वतःच्या अंगावर सिरोटोनिनचे ग्राही असतात. त्यांना स्वग्राही म्हणतात, कारण पेशी स्वतः सोडलेल्या रसायनाचीच मोजदाद त्यांच्यामार्फत ठेवते. आसपास सिरोटोनिन वाढले की स्वग्राही पेशीला आवर घालतात आणि तिचे विद्युत-स्पंद मंदावतात. पाण्याच्या टाकीत तरंगणारा चेंडू डोळ्यांसमोर आणावा: पाणी वर चढले की चेंडूही वर येतो आणि तोटी बंद करतो. औषधाने टाकीची निचऱ्याची वाट बुजवली, पाणी वाढू लागले, पण चेंडूने लगोलग तोटीच आवळली. परिणामी पहिल्या काही दिवसांत राफेतील पेशी नेहमीपेक्षा कमी स्पंद सोडतात, आणि दूरच्या भागांत सिरोटोनिनची वाढ अपेक्षेपेक्षा बरीच कमी राहते. दोन-तीन आठवडे हीच स्थिती टिकली की स्वग्राहींची संवेदनशीलता घटते, जणू चेंडूची दांडी सैल पडते. पेशी पूर्ववत गतीने स्पंद सोडू लागतात, वाहक प्रथिने मात्र अडवलेलीच असतात, आणि आता कुठे पलीकडच्या टोकाला सिरोटोनिन खऱ्या अर्थाने वाढते. हे गृहीतक तपासण्यासाठी पिंडोलोल हे स्वग्राहींना अडवणारे औषध जोडीला देऊन पाहण्यात आले. काही चाचण्यांत गुण काहीसा लवकर आला, तरी सर्वत्र तसे घडले नाही. म्हणजे स्वग्राही हे विलंबाचे एक कारण आहे, एकमेव कारण नव्हे.

दुसरी साखळी पेशीच्या आत चालते. ग्राहींवरील बदललेल्या संदेशांमुळे पेशीत चक्रीय एएमपी या दूतरेणूचे प्रमाण बदलते, त्यामुळे क्रेब नावाचे प्रथिन कार्यान्वित होऊन पेशीच्या केंद्रकातील काही जनुके चालू होतात, आणि त्यांतून बीडीएनएफ हे चेतापेशींचे पोषण करणारे प्रथिन अधिक बनू लागते. त्याच्या प्रभावाने पेशींच्या फांद्यांवरील जोडण्या नव्याने घडतात. २००३ मध्ये उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातील नव्या चेतापेशींची निर्मिती क्ष-किरणांनी थांबवली, तेव्हा फ्लुओक्सेटिनचा वर्तनावरील परिणामही थांबला. २०२१ मध्ये असेही दाखवले गेले की ही औषधे बीडीएनएफच्या ट्रकबी या ग्राहीला थेट चिकटतात. जनुके चालू होणे, प्रथिने बनणे, जोडण्या वाढणे ही सारी बांधकामाची कामे आहेत आणि बांधकामाला वेळ लागतोच. यात मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवली आहे: नैराश्यावरच्या औषधाची अगदी पहिली मात्रा दिल्यावरही काही तासांतच रुग्ण चेहऱ्यांवरचे आनंदी भाव अधिक अचूक ओळखू लागतात, मात्र स्वतःला बरे वाटू लागल्याचे ते तेव्हा सांगत नाहीत. बघण्याची दृष्टी आधी बदलते आणि मन तिच्या मागून, दिवसेंदिवसाच्या अनुभवातून, सावकाश येते.

यावरून ‘नैराश्य म्हणजे सिरोटोनिनची कमतरता’ हे वाक्य किती तोकडे आहे ते दिसते. २०२२ मध्ये उपलब्ध पुराव्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा नैराश्यात सिरोटोनिन कमी असतेच असा सुसंगत पुरावा मिळाला नाही. त्यामुळे औषध निरुपयोगी ठरत नाही; उपयोग होतो की नाही हे चाचण्यांतून ठरते, सिद्धांतातून नव्हे. परंतु ‘सिरोटोनिन वाढवणारा आहार’ म्हणून जे काही विकले जाते त्याचा आधार मात्र यातून निखळतो. आहारातले सिरोटोनिन रक्त-मेंदू अडथळा ओलांडतच नाही. आणि नैराश्य ही करणी, बाधा किंवा इच्छाशक्तीची उणीव आहे असे सांगून गंडेदोरे बांधणारे लोक तर रुग्णाचे उपचाराचे महिने वाया घालवतात. आत्महत्येचा विचार ज्याच्या मनात घोळतो आहे त्याच्यासाठी ते महिने अमूल्य असतात.

औषधाच्या दुष्परिणामांना हा विलंब लागू नसतो, आणि रुग्णाची खरी अडचण इथेच होते. शरीरातील सुमारे ९० टक्के सिरोटोनिन आतड्यांत असते आणि तिथे चेंडू-तोटीची ही कसरत परिणामाच्या आड येत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात मळमळ, पातळ जुलाब, डोकेदुखी, अस्वस्थता सुरू होते. त्रास आधी आणि गुण नंतर, असा क्रम असल्यामुळे अनेक जण दुसऱ्या आठवड्यातच औषध सोडतात, म्हणजे नेमके गुण येण्याच्या तोंडावर. मळमळ बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. कामेच्छा कमी होणे, कामतृप्तीला विलंब लागणे हे परिणाम मात्र सहसा आपोआप ओसरत नाहीत, आणि रुग्ण ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत, त्यामुळे जुन्या चाचण्यांत त्यांचे प्रमाण फार कमी नोंदले गेले. रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या रक्तबिंबिका स्वतः सिरोटोनिन बनवत नाहीत. त्या ते याच वाहक प्रथिनाने रक्तातून उचलतात. ती वाट बंद झाली की रक्त गोठण्याची क्षमता किंचित घटते, आणि सोबत अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखे वेदनाशामक घेतल्यास जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. वृद्धांच्या रक्तातील सोडियम घटू शकते.

सर्वांत गंभीर इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये दिला. मुले आणि किशोरांवरील २४ चाचण्यांत, एकूण सुमारे ४,४०० सहभागींमध्ये, आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन औषध घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के आणि प्लॅसिबो (औषध नसलेली दिखाऊ गोळी) घेणाऱ्यांत सुमारे २ टक्के आढळले. यांपैकी एकाचाही आत्महत्येने मृत्यू झाला नव्हता. २००७ मध्ये हा इशारा २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवण्यात आला. त्यापुढील वयात ही वाढ दिसत नाही आणि ६५ वर्षांनंतर धोका उलट घटलेला दिसतो. म्हणूनच तरुण रुग्णाला पहिल्या काही आठवड्यांत वारंवार भेटणे हा उपचाराचाच भाग मानला जातो.

उत्तेजक औषधांची चाल निराळी आहे. मेथिलफेनिडेट डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन या संदेशवाहक रसायनांच्या वाहक प्रथिनांना अडवते; अ‍ॅम्फेटामिन त्यापुढे जाऊन वाहकामार्गे पेशीच्या आत शिरते, साठवणीच्या पिशव्यांतून डोपामिन बाहेर काढते आणि वाहकालाच उलट्या दिशेने चालवते. डोपामिनच्या पेशींनाही स्वग्राही असतात, तरी इथे गुणासाठी नवे बांधकाम लागत नाही. कपाळामागच्या अग्रखंडातील चेताजाळे नेमक्या संदेशाला गोंगाटातून वेगळे काढण्यासाठी त्या त्या क्षणाच्या डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिनवर अवलंबून असते. पातळी योग्य असेपर्यंत जाळे सुरात राहते, पातळी उतरली की सूर जातो. हे नाते सरळ रेषेचे नाही, उलट्या ‘यू’ अक्षरासारखे आहे. प्रमाण कमी असले तरी लक्ष भटकते आणि जास्त झाले तरी विचार एकाच जागी अडकून पडतो. गंमत अशी की औषधाची सवय शरीराला त्याच दिवसात लागते: सकाळभर रक्तात सपाट पातळी ठेवली तर दुपारी गुण कमी होतो. म्हणूनच दीर्घकाळ चालणाऱ्या गोळ्या दिवसभरात औषध चढत्या प्रमाणात सोडतील अशा घडवल्या जातात.

‘चंचल मुलाला उत्तेजक दिले की ते उलट शांत होते, म्हणजे त्याचा मेंदूच उलटा चालतो’ हा समज शिक्षकांपासून पालकांपर्यंत सर्वत्र आढळतो. १९७८ मध्ये ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी कोणताही विकार नसलेल्या १४ मुलांना डेक्स्ट्रोअ‍ॅम्फेटामिनची एक मात्रा दिली, तेव्हा तीही कमी वळवळ करू लागली आणि त्यांचे लक्षही सुधारले. म्हणजे ‘गोळीने गुण आला, अर्थात निदान खरे’ हा निष्कर्ष टिकत नाही. याचा अर्थ निरोगी माणसाची बुद्धीही गोळीने वाढते, असा मात्र काढू नये. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० निरोगी प्रौढांना मर्यादित वजनाच्या पिशवीत सर्वाधिक मूल्याच्या वस्तू बसवण्याचे कोडे देण्यात आले. मेथिलफेनिडेट, डेक्स्ट्रोअ‍ॅम्फेटामिन किंवा मोडाफिनिल (झोप उडवणारे औषध) घेतल्यावर त्यांनी अधिक वेळ खर्चला, अधिक हालचाली केल्या, पण प्रयत्नांचा दर्जा घसरला. परीक्षेच्या आदल्या रात्री ‘बुद्धिवर्धक’ म्हणून या गोळ्या मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातून जोर मिळतो, अक्कल मिळत नाही.

उत्तेजकांचे दुष्परिणाम घड्याळाबरोबर चालतात. दुपारच्या जेवणाच्या वेळी औषधाचा भर असतो, म्हणून डबा जसाच्या तसा परत येतो; औषध उतरताना चिडचिड होते, भूक एकदम खवळते; मात्रा उशिरा घेतली तर झोप येत नाही. नाडीचे काही ठोके आणि रक्तदाबाचे काही अंक वाढतात, म्हणून दोन्ही मोजत राहावे लागते. वर्षानुवर्षे औषध घेतलेल्या मुलांची उंची सरासरी सुमारे २ सेंटिमीटर कमी भरल्याचे दीर्घ पाठपुराव्यात दिसले. १३ ते २५ वयोगटात उत्तेजक सुरू केलेल्यांपैकी सुमारे ६६० जणांत एकाला भास-भ्रमाचा विकार जडला, आणि त्यात अ‍ॅम्फेटामिनचा धोका मेथिलफेनिडेटच्या सुमारे दुप्पट निघाला. ही २०१९ मधील पाहणी आहे. व्यसनाचा प्रश्नही मुख्यतः वेगाचाच आहे. तोंडाने घेतलेले मेथिलफेनिडेट मेंदूत हळूहळू, तासाभराने शिखर गाठते, त्यामुळे नशा होत नाही. तीच गोळी कुटून नाकाने ओढली तर काही मिनिटांत डोपामिन उसळते. लिसडेक्सअ‍ॅम्फेटामिन या उत्तेजकात औषधाच्या रेणूला लायसिन हे अमिनो आम्ल जोडलेले असते आणि ते तांबड्या रक्तपेशींतच तुटते, म्हणून ते कसेही घेतले तरी वेग फारसा वाढत नाही.

आता परिणामकारकतेचे आकडे. औषध-गट आणि प्लॅसिबो-गट यांच्यातील फरक मोजण्यासाठी ‘परिणाममान’ वापरतात. २०१८ मध्ये ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्ण एकत्र करून नैराश्यावरील २१ औषधे तपासली गेली. सर्वच्या सर्व प्लॅसिबोपेक्षा सरस ठरली, परंतु सरासरी परिणाममान केवळ ०.३ भरले. त्याच वर्षी अवधान-विकारावरील १३३ चाचण्यांच्या विश्लेषणात मुलांसाठी अ‍ॅम्फेटामिनचे परिणाममान सुमारे १.०, मेथिलफेनिडेटचे सुमारे ०.८ निघाले, प्रौढांत ते अनुक्रमे ०.८ आणि ०.५ होते. साध्या भाषेत सांगायचे तर, औषध घेणारा एक आणि प्लॅसिबो घेणारा एक रुग्ण चिठ्ठी टाकून निवडला, तर औषधवाला अधिक बरा असण्याची शक्यता ०.३ ला सुमारे ५८ टक्के आणि १.० ला सुमारे ७६ टक्के असते. चिठ्ठीनेच ५० टक्के मिळतात, हे लक्षात घ्यावे.

मग उत्तेजके तिप्पट चांगली का? तसे म्हणता येत नाही. माणसे नैराश्याच्या गर्तेत असतानाच चाचणीत येतात, आणि नैराश्य आपल्या गतीने ओसरतही असते. प्लॅसिबो घेणाऱ्यांपैकी ३५ ते ४० टक्क्यांना लक्षणीय बरे वाटते. अवधान-विकार असा आपणहून काही आठवड्यांत उतरत नाही. शिवाय उत्तेजकाचा गुण औषध अंगात असताना मोजला जातो. नैराश्यावरील संशोधनावर एक जुना डागही आहे: २००८ मध्ये उघड झाले की अमेरिकेत नोंदवलेल्या ७४ चाचण्यांपैकी प्रसिद्ध झालेल्या निबंधांत ९४ टक्के यशस्वी दिसत होत्या, तर अन्न व औषध प्रशासनाच्या मूळ कागदपत्रांत केवळ ५१ टक्के. अपयशी चाचण्या कपाटात ठेवणे हा रुग्णांशी केलेला अन्याय आहे.

काळ लांबवला की चित्र पालटते. बरे झालेल्या रुग्णांपैकी ज्यांचे औषध प्लॅसिबोने बदलले त्यांच्यात ४१ टक्क्यांना नैराश्य परतले, औषध चालू ठेवलेल्यांत १८ टक्क्यांना. २००३ मध्ये ३१ चाचण्या एकत्र करून हे दिसले. उलट, अमेरिकेत अवधान-विकार असलेल्या ५७९ मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात १४ महिन्यांना काळजीपूर्वक दिलेले औषध सरस होते, पण तीन वर्षांनी गटांमधला फरक उरला नाही, जरी तोपर्यंत कुटुंबे उपचार स्वतः निवडत होती आणि गटांची सरमिसळ झाली होती. म्हणजे तासात गुण देणाऱ्या औषधाचा पुरावा आजच्या दिवसासाठी भक्कम आहे, आणि महिना लावणाऱ्या औषधाचा पुरावा पुढच्या वर्षासाठी. नैराश्यावर उत्तेजकाने झटपट काम साधेल अशी आशाही तपासून झाली: नेहमीच्या औषधाच्या जोडीला लिसडेक्सअ‍ॅम्फेटामिन देण्याच्या दोन मोठ्या चाचण्या २०१४ मध्ये अपयशी ठरल्या.

औषध थांबवतानाही हाच काळाचा हिशेब पुढे येतो. मेथिलफेनिडेटचे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातील औषध निम्मे होण्यास लागणारा वेळ, दोन-तीन तासांचे असते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने सुट्टीच्या दिवसांत ते बंदही ठेवता येते. नैराश्यावरचे औषध एकदम सोडले तर चक्कर, झोपेत विचित्र स्वप्ने, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी जाणीव होते. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन सोडताना अधिक, फ्लुओक्सेटिन सोडताना कमी, कारण त्याचा अंश शरीरात कित्येक आठवडे रेंगाळतो. सिटालोप्रॅम या याच कुळातल्या औषधाचे आकडे पाहावेत. २० मिलिग्रॅमला सुमारे ८० टक्के वाहक प्रथिने व्यापलेली असतात, ९ मिलिग्रॅमला ७० टक्के, साडेतीनला ५० टक्के, आणि १ मिलिग्रॅमपेक्षाही कमी मात्रेला अजून २० टक्के. म्हणजे २० वरून ९ वर येताना मेंदूला जेमतेम दहा टक्क्यांचा फरक जाणवतो, परंतु शेवटचा छोटा तुकडा बंद करताना ५० टक्क्यांची घसरण एकदम होऊ शकते. अर्धी गोळी, पाव गोळी आणि मग काहीच नाही, ही नेहमीची पद्धत अनेकांना अखेरच्या पायरीवरच का त्रास देते, ते यावरून कळते. अशा रुग्णांसाठी डॉक्टर द्रवरूप औषध वापरतात, कारण गोळीचे जे तुकडे करता येत नाहीत ते थेंबांत मोजता येतात.